विंडोज की लिनक्स? आधी आपली अक्षरे सोडवा



14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नियमित मोफत अपडेट थांबले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 चिप लागते. 2018 च्या आधीचे बहुतेक संगणक विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. चालणारे यंत्र कागदोपत्री मोडीत निघते. बीड जिल्ह्यात आम्ही ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म ज्या संगणकांवर भरतो, ते असेच देणगीतून आलेले, जुने आहेत.

म्हणून आम्ही एकावर लिनक्स मिंट टाकले. परवान्याचा खर्च नाही, जुने यंत्र पळू लागले. महाडीबीटी ब्राउझरमध्ये उघडते, तिथे अडचण नाही. पण ठसे घेण्याच्या यंत्राचा ड्रायव्हर मिळेना, प्रिंटर रुसला. सर्वात जास्त छळले ते आमच्याच जुन्या फायलींनी. दहा वर्षांचे अर्ज, निवेदने, अत्याचाराच्या प्रकरणांच्या नोंदी उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा!

याचे कारण लिनक्स नव्हे. युनिकोडच्या आधीचे फॉन्ट मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर साठवतात. तो फॉन्ट नसेल तर विंडोजवरही हेच दिसते. म्हणजे आपली नोंद आपली असूनही तिची किल्ली दुसऱ्याकडे.

'लिनक्स म्हणजे स्वातंत्र्य' हे भाषण सोपे आहे. बदलाची किंमत कोण मोजतो? मोठ्या कार्यालयात त्यासाठी पगारी माणूस असतो. इथे परत पाठवलेल्या मुलीची एका दिवसाची मजुरी बुडते. पण 'विंडोजच बरे' म्हणणेही खरे नाही. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवत आहेत. तिथे सरकार पाठीशी उभे राहिले, इथे कार्यकर्ता एकटा झगडतो. फरक एवढाच.

आम्ही ठरवलेला क्रम असा: आधी सगळ्या नोंदी युनिकोडमध्ये. टायपिंग इनस्क्रिप्टने, कारण तो कळफलक दोन्हीकडे चालतो. विंडोजवर असतानाच लिब्रेऑफिसची सवय. ठशांसाठी एक विंडोज संगणक राखून ठेवायचा, बाकीचे एकेक करून लिनक्सवर न्यायचे.

इतरांच्या वर्तमानपत्रांत आपल्याला जागा नव्हती, म्हणून बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' सुरू केले. आवाज आपला असेल तर साधनही आपल्या हाती हवे. चळवळीतल्या तरुणांनो, प्रत्येक तालुक्यात निदान दोघांनी तरी हे शिकून घ्या. आपल्या लोकांची कागदपत्रे उद्या आपल्यालाच वाचता आली नाहीत, तर न्याय कोणत्या पुराव्यावर मागणार?