दोन घंटा

लहानपणीं आम्ही अहमदनगरास, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, मिशनच्या देवळाजवळ राहत असूं. त्या देवळाच्या घंटेविषयीं आमच्या आजीचें मत बरें नव्हतें. पण सकाळची घंटा झाली कीं ती डाळ चुलीवर ठेवी. “देव त्यांचा असेना, वेळ तर आपलीच ना?” असें ती म्हणे.

पुढें तरुणपणीं पॉल जॉन्सन यांचें रॉचेस्टर शहरावरील पुस्तक (१९७८) हातीं आलें, तेव्हां आजीच्या या बोलण्यांत मोठें तत्त्व सांपडल्यासारखें आम्हांस वाटलें. रॉचेस्टर हें न्यूयॉर्क संस्थानांतील गांव. तेथें जेनेसी नदीच्या धबधब्यांवर पिठाच्या गिरण्या चालत. १८२५ सालीं ईरी कालवा पुरा झाला आणि त्या पिठास दूरची बाजारपेठ मिळाली. १८२० सालीं जेथें दीड हजार वस्ती होती, तेथें दहा वर्षांत नऊ हजारांवर माणसें झालीं. पूर्वीं जोडे शिवणारा कारागीर धन्याच्याच घरीं राही, त्याच्याच पंगतीस जेवी आणि काम करतां करतां त्याच्याच बरोबर घोटभर दारूही घेई. धंदा वाढला तसा धनी निराळ्या आळींत राहावयास गेला. कारागिराची दारू कारागिराबरोबर गेली; आणि कालपर्यंत जी सोबतीची होती, ती आतां धन्यास उपद्रवाची वाटूं लागली.

अशा वेळीं, सप्टेंबर १८३० मध्यें, चार्ल्स फिनी हा उपदेशक तेथें आला. हा मूळचा वकील, आणि व्यासपीठावरही तो वकिलासारखाच बोले. तुमचें तारण देवानें आधींच ठरवून ठेवलें आहे असें म्हणून बसूं नका. तें तुम्हीं, आतां, येथेंच ठरवावयाचें आहे, असा त्याच्या उपदेशाचा रोख असे. सहा महिने गांव हालून गेलें. एका मोठ्या दुकानानें तर आपलीं दारूचीं पिंपें रस्त्यावर आणून फोडविलीं. मग कांहीं धनी चर्चला जाणाऱ्या, न पिणाऱ्या माणसांसच कामावर घेऊं लागले.

एवढें वाचून आम्हीं एका सभेंत भाषण ठोकलें. धर्मजागृति म्हणजे गिरणीच्या चाकांत घातलेलें तेल, हें वाक्य आम्हीं दोनदां म्हटलें व दोन्ही वेळां टाळ्या घेतल्या. नगरच्या मिशनचीही झडती घेतली. अमेरिकेंतील त्याच दीर्घ धर्मलाटेंतून १८१० सालीं मिशनरी धाडणारी मंडळी निघाली, १८१३ सालीं तिचीं माणसें मुंबईस उतरलीं, आणि फिनीनें रॉचेस्टर सोडलें त्याच १८३१ सालीं नगरास तिचें ठाणें झालें. तेव्हां तेंही तेलच, असा आमचा निकाल.

सभा संपल्यावर एक वृद्ध ख्रिस्ती मास्तर जवळ आले. त्यांच्याच हाताखालीं आम्ही इंग्रजी शिकलों होतों. ते रागावले नव्हते. एवढेंच म्हणाले, “माझी आजी फॅरारबाईंच्या शाळेंत अक्षरें शिकली, बाळ. तिला तेलांत धरायचें कीं चाकांत?”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर रागही आला. पण तो प्रश्न मनांतून गेला नाहीं. सिंथिया फॅरार या न्यू हॅम्पशायरच्या. त्या १८२७ सालीं मुंबईस आल्या, १८३९ पासून नगरास मुलींच्या शाळा चालवूं लागल्या व १८६२ सालीं तेथेंच वारल्या. जोतीराव फुल्यांनीं त्यांची शाळा पाहिली होती. १८४८ सालीं पुण्यास त्यांनीं मुलींची शाळा काढली ती त्यानंतर. आणि त्याच न्यू हॅम्पशायरच्या शेतकऱ्यांच्या मुली, फॅरारबाई शिडाच्या जहाजानें इकडे येत होत्या तेव्हां, मॅसॅच्युसेट्समधील लोवेलच्या कापडगिरण्यांत कामास जात होत्या. तेथें उठावयास घंटा, कामास घंटा, जेवणास घंटा. रविवारीं चर्चला गेलेंच पाहिजे, हा कंपनीचा नियम. म्हणजे आमचें तेल येथें तर उघड दिसत होतें! परंतु याच मुलींनीं १८३४ सालीं पगार कापले तेव्हां गिरण्या सोडल्या, १८३६ सालीं पुन्हां सोडल्या. पुढें १८४५ च्या सुमारास दहा तासांच्या दिवसासाठीं कामकऱ्यांनीं कायदेमंडळाकडे अर्ज धाडले, त्यांत त्यांच्याही सह्या होत्या. मनाच्या व धर्माच्या साधनेस वेळच उरत नाहीं, हें त्या चळवळीचें एक मोठें गाऱ्हाणें होतें. धन्यानें शिकविलेला रविवार त्यांनीं धन्यापुढेंच पुरावा म्हणून ठेवला. हें जॉन्सनच्या पुस्तकांत नव्हतें, आणि असतें तरी त्या वयांत आम्हांस दिसलें नसतें.

कांहीं वर्षांनीं मास्तरांकडे जाऊन हें सारें सांगितलें. त्यांनीं डोळे मिटून ऐकून घेतलें. मग विचारलें, “त्या मुलींना काम किती तास?”

“बारा-तेरा,” आम्ही म्हणालों.

“माझ्या आजीचें दळण पहांटे तीनला सुरूं होई,” मास्तर म्हणाले. “तें आटोपून ती शाळेंत पोंचे, तोंवर घंटा होऊन गेलेली असे. फॅरारबाई तिला रागें भरत. पण दार लावीत नसत.”