पलंगाची दोनच कामं

"पलंग दोनच कामांसाठी वापरायचा. झोपायला आणि नवरा-बायकोच्या संबंधांसाठी. तिसरं काम पलंगावर करायचं नाही." झोपेच्या समुपदेशक बाई हे इतक्या सहज बोलल्या, की हसावं की रडावं मला कळेना. कारण नेमकी हीच दोन कामं माझ्याच्यानं होत नव्हती. बाकी कपड्यांच्या घड्या, लेकीचा अभ्यास, मटार सोलणं, मोबाइल हे सगळं पलंगावर व्यवस्थित चालू होतं.

हा नियम रिचर्ड बूटझिन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा, १९७२ सालचा. त्याचा पुढचा भाग असा, की वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं. आमच्या वन बीएचकेत दुसरी खोली म्हणजे हॉल, आणि तिथे सासूबाई झोपतात. राहता राहिलं स्वयंपाकघर. रात्री दोनला ओट्याशी स्टूल ओढून बसलं की शेजारच्या बिल्डिंगमधलं कोण कोण जागं असतं ते कळतं.

माझ्या अंगभर ठणकणाऱ्या दुखण्याला फायब्रोमायल्जिया हे नाव मिळेपर्यंत थायरॉइड, बी-बारा, संधिवाताच्या टेस्ट असं सगळं होऊन गेलं होतं. रिपोर्ट नॉर्मल आले की घरचे खूश व्हायचे आणि मी आणखी हवालदिल. शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांनी मानेच्या मागे, खांद्यावर, गुडघ्याच्या आतल्या बाजूला अंगठ्यानं दाबून पाहिलं. स्वतःच्या नखाचा रंग पांढरा होईल एवढंच दाबायचं असतं म्हणे. मी मात्र टेबलावरून उठायच्या बेतात होते. ते म्हणाले, "दुखणं खरं आहे. तुमच्या मज्जासंस्थेनं आवाज वाढवून ठेवलाय, एवढंच." यातलं 'एवढंच' मला अजून पचलेलं नाही.

झोपेचं कोडं त्यांनीच उलगडून सांगितलं. १९७५ मध्ये टोरांटोच्या हार्वी मोल्डोफ्स्की यांना अशा रुग्णांच्या गाढ झोपेत एक गडबड दिसली. गाढ झोपेच्या संथ डेल्टा लहरींमध्ये जागेपणीच्या अल्फा लहरी घुसत होत्या. मग त्यांनी धडधाकट तरुणांना गाढ झोप लागली की आवाज करून डिवचलं, तर सकाळी त्यांचंही अंग ठणकायला लागलं. लहरींची ही घुसखोरी प्रत्येक रुग्णात दिसतेच असं नाही. पण आठ तास डोळे मिटून पडलेल्या बाईला पहाटे दगड फोडून आल्यासारखं का वाटतं, याचं उत्तर मला पहिल्यांदा मिळालं. दुखतं म्हणून झोप नाही आणि झोप नाही म्हणून आणखी दुखतं.

पलंगाच्या दुसऱ्या कामाबद्दल मात्र मला कुणी विचारलंच नव्हतं. नवऱ्यानं प्रेमानं खांद्यावर हात ठेवला तरी मी दचकायचे. त्यानं हळूहळू हात ठेवणंच सोडलं, आणि त्याला नकोशी झाले असं मी धरून चालले. त्यात दुखण्यावरची ड्युलॉक्सेटिन नावाची गोळी सुरू झाली. दुखणं थोडं ओसरलं, पण शरीरातली इच्छा कुणी मेन स्विच बंद करावा तशी गेली. हे गोळीमुळे होऊ शकतं हे मला फिजिओथेरपिस्टच्या एका फॉर्मवरून समजलं. त्यात एकोणीस प्रश्न होते, गेल्या चार आठवड्यांचे: इच्छा, ओलावा, समाधान, दुखणं. शेजारी एक आजोबा गुडघ्याला पट्टा लावून बसले होते. मी पर्स आडवी धरून टिकमार्क केले.

त्या फिजिओथेरपिस्ट पोरीनं (वयानं माझ्या भाचीएवढी) तपासून सांगितलं, की माझे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कायम आवळलेले आहेत, म्हणून संबंधाच्या वेळी कळ येते. मी लगेच म्हटलं, "मग कीगलचे व्यायाम करते." मैत्रिणी सगळ्या दुखण्यांवर तेच सांगतात. ती म्हणाली, "अजिबात नको. जे आधीच आवळलंय ते आणखी कशाला आवळता?" आता मी पोटातून श्वास घेत ते स्नायू सैल सोडायला शिकतेय. आवळण्यापेक्षा सोडणं फार अवघड आहे. गोळी मनानं बंद करायची नाही, एकदम बंद केली तर चक्कर येते, ही ताकीद तिनंच दिली. डॉक्टरांनी मग डोस बदलला. लोहाचा साठा तपासायला फेरिटिनची टेस्टही लिहून दिली, कारण रात्री माझे पाय वळवळतात.

नवऱ्याला तो फॉर्म वाचायला दिला. वाचून तो बराच वेळ चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, "मला वाटायचं, मी हात लावला की तुला राग येतो."

रात्री मी थकून गेलेली असते, म्हणून फिजिओथेरपिस्टनं दुपारची वेळ सुचवलीय. गरम पाण्यानं अंघोळ, कमरेखाली उशी, पाण्यावर आधारित जेल, आणि दुखलं की तिथेच थांबायचं. सल्ला उत्तम आहे. फक्त रविवारी दुपारी बेडरूमचं दार का लावलंय हे सासूबाईंना काय सांगायचं, ते तिनं सांगितलेलं नाही. तूर्तास आम्ही त्यांना 'मानेचे व्यायाम' असं सांगितलंय. परवा त्यांनी विचारलं, "मानेच्या व्यायामाला हा कशाला लागतो गं?"