पहाऱ्याची पाळी

१० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलाच्या सहा स्त्रिया गोव्याहून ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या. ५५ फुटांत स्वयंपाक, झोप, दुखणीखुपणी सारे. त्या वर्षीची दिवाळीही हिंदी महासागरात गेली. एकीने सुकाणू धरावे, तेव्हा दुसरीने निजावे. २१ मे २०१८ ला सहाही जणी सुखरूप परतल्या.

बेसिंगस्टोकला समुद्र नाही, पण आमचे घरही पाळ्यांवरच चालते. मी प्रयोगशाळेतून परतते, तेव्हा हे रात्रपाळीला निघतात. सासूबाई गेल्यावर लेकीला सांगलीला ठेवा, असे अनेकांनी सुचवले. आम्ही तिला इथेच ठेवले आहे. रोज एकत्र जेवण होत नाही. पण एक जागा असतो, म्हणून बाकीचे निर्धास्त झोपतात. मला तरी हेच कुटुंब वाटते. तुम्हांला?