चितळ्यांकडचा पुडा

आमच्या लहानपणी पुण्यात पेढे दोन प्रकारचे असत: चितळ्यांकडचे आणि बाकीचे. निकालाच्या दिवशी आजी कनवटीचे पैसे हातावर ठेवी आणि बजावी, "अर्धा किलो आण, पण चितळ्यांकडचेच हो." मग बाजीराव रोडवर रांगेत उभं राहायचं. आपल्या पुढे आपल्याच वर्गातलं कुणीतरी असायचंच.

हे नाव ज्यांनी पुण्यात रुजवलं ते भाऊसाहेब, म्हणजे रघुनाथराव चितळे. वडील भास्कर गणेश चितळे यांनी सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या भिलवडीला १९३९ मध्ये दुधाचा व्यवसाय उभा केला. १९५० मध्ये 'चितळे बंधू मिठाईवाले' सुरू झालं. पुढे भाऊसाहेब आणि त्यांचे भाऊ राजाभाऊ यांनी पुणं सांभाळलं, बाकीच्या भावांनी भिलवडी. नावातला 'बंधू' हा शब्द त्या घराने पिढ्यान्‌पिढ्या पाळला, याचं मला फार मोल वाटतं. धंदा वाढला की घरं फुटतात, हे आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे.

बाकरवडी आली सत्तरच्या दशकात. मूळ गुजरातकडचं, इथे तिला आपल्याकडच्या पुडाच्या वडीची चव मिळाली. वरचं आवरण खुसखुशीत, आत तीळ, खसखस, खोबरं आणि चिंचगुळाची ओढ. हातांनी वळून मागणी पुरेना, तेव्हा यंत्रं आली. पण दिवाळीला आणलेली आणि आषाढात आणलेली बाकरवडी चवीला तीच लागायची. आमच्याकडे खरी मारामारी व्हायची ती पुड्याच्या तळाशी उरलेल्या चुऱ्यासाठी. आई तो दहीभातावर भुरभुरायची. पुड्याचा दोरा आजी गुंडाळून खुंटीला अडकवी, तो पुढे वर्षभर कामाला येई. भाऊ शिकायला अमेरिकेला निघाला तेव्हा स्वेटर बाहेर राहिला आणि बाकरवडी बॅगेत गेली. त्या काळी परदेशी गेलेल्या मुलांच्या घरोघरी हेच चाललं होतं.

दुपारी एक ते चार दुकान बंद. त्यावर विनोद पुष्कळ झाले, पण आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पहाटेपासून दूध घालणाऱ्या माणसांनी दुपारी जेवून आडवं होऊ नये काय? आमच्याही घरात त्या वेळी पडदे ओढलेलेच असायचे. दुकान आणि घर एकाच घड्याळावर चालत होतं, म्हणून तर ते दुकान घरातलं वाटायचं.

भाऊसाहेब २०१६ मध्ये गेले, वयाची नव्वदी कधीच ओलांडून. पुढच्याच वर्षीपासून दुकान दुपारीही उघडं राहू लागलं. मी मात्र अजून चारनंतरच जाते.