तुपल्यासाठी दगडच हाये

आमच्या घरात देव आहे की नाही हा वाद शनिवारी व्हायचा. शनिवारी आई तेलाची बाटली पिशवीत टाकून शनी शिंगणापूरला निघायची. सोनईहून ते गाव पाच-सहा किलोमीटर. ती लुगडं नेसून तयार होईतो माझे मुद्दे तयार असायचे. शनी हा वायूचा गोळा आहे, सूर्याभोवती एक चक्कर मारायला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात, त्याला सोनईतल्या एका बाईच्या गुडघ्यांशी काय देणंघेणं? आई पिशवीची गाठ मारत सगळं ऐकून घ्यायची. "झालं तुपलं? मंग मला सोड गाडीवर." आणि मी सोडायचो.

एकदा हेच मी शिंगणापूरच्या मामांना ऐकवलं. मामा चौथी शिकलेले. म्हणाले, "बारा राशी. एका राशीत अडीच वर्षं. किती झाले? तीस. तीन राशींचे साडेसात. तुपलं पुस्तक आन् आमचं पंचांग एकच सांगतंय की." गणित बरोबर होतं. ग्रह फिरतो म्हणून माणसाचं नशीब फिरतं असं त्यातून निघत नाही, हे उत्तर मला सुचलं ते सोनईला परत येताना, साखर कारखान्याच्या आसपास. वादातली माझी चांगली उत्तरं नेहमी अशी रस्त्यातच सुचायची.

त्याच मामांकडे मी एकदा मुक्कामाला होतो. गावाची राखण शनीच करतो या समजुतीनं घराला दाराची चौकट होती, दार नव्हतं. रात्री कुत्रं येऊ नये म्हणून एक फळी आडवी लावलेली. खिशात कॉलेजच्या फीचे पैसे. मी ते उशीखाली घेतले, मग बनियनच्या आत घातले, तरी झोप नाही. पहाटे मामा चहा देताना म्हणाले, "देव नाही म्हणतो, चोर हाये म्हणतो. रातभर जागून राखण कोणाची केली?" गावात चोऱ्या झाल्याचं बोललं जायचं, मीही ते पुरावा म्हणून वापरायचो. पण त्या रात्री मामा घोरत होते आणि मी जागा होतो, हेही खरंच.

ही सन 2000च्या आसपासची गोष्ट. मी नगरला शिकत होतो आणि डॉ. श्रीराम लागूंच्या 'देवाला रिटायर करा' या म्हणण्यानं भारावलो होतो. त्यांच्याच बरोबर व्यासपीठावर बसणारे नरेंद्र दाभोलकर सांगायचे की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा, म्हणजे अंनिसचा, विरोध देवाला नाही, देवाच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे. मला ते गुळमुळीत वाटायचं. विसाव्या वर्षी माणसाला एक घाव दोन तुकडे हवे असतात. त्याच वर्षी अंनिसनं शनीच्या चौथऱ्यावर बायकांनाही जाऊ द्या म्हणून आंदोलन पुकारलं. लागू, एन. डी. पाटील, बाबा आढाव अशी मंडळी त्यात होती. आमच्याकडे पारावर एकच प्रश्न: देव न मानणाऱ्यांना बायकांना देवाजवळ न्यायची एवढी घाई का? दाभोलकरांचं उत्तर सरळ होतं. पुरुषाला जिथं जाता येतं तिथं बाईलाही जाता आलं पाहिजे. मग जायचं की नाही ते तिनं ठरवावं. मी मात्र पारावर शेवटचं वाक्य गाळून सांगायचो.

दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. चौथरा खुला झालेला त्यांना पाहता आला नाही. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं 1 एप्रिल 2016 ला सांगितलं की 1956च्या कायद्याप्रमाणे देवळात जायला बाईला अडवता येत नाही. तरी देवस्थाननं चौथरा स्त्री-पुरुष दोघांनाही बंदच ठेवला होता. 8 एप्रिलला गुढीपाडवा. जलाभिषेकाच्या प्रथेसाठी पुरुष बंदी मोडून वर चढले. मग त्याच दिवशी देवस्थाननं चौथरा सगळ्यांना खुला केला.

पुढच्या एका शनिवारी मी आईला घेऊन गेलो. त्या दिवशी वाद घातला नाही. माझ्या मते तो आम्ही जिंकला होता. मोकळ्या आभाळाखाली ती पुरुषभर उंचीची काळी शिळा, तेलानं चकाकणारी. मी म्हटलं, "चल वर."

"मपला देव मला खालूनच दिसतो."

"अगं, आता कोणी अडवत नाही. कोर्टानं सांगितलंय."

"कोर्टानं जायला सांगितलंय का, अडवू नका म्हणून सांगितलंय?"

मागे रांग खोळंबली होती. मी आवाज चढवला. इतकी वर्षं तुम्हाला खाली उभं केलं, आता तरी, वगैरे. देवाजवळ जा म्हणून मी आईवर ओरडत होतो, आणि ओरडतोय हे कळत असूनही थांबत नव्हतो. शेजारची एक पोरगी आमच्याकडे बघून हसली आणि सरळ पायऱ्या चढून गेली. आईनं तिच्याकडे कौतुकानं पाहिलं, हेही सांगायला हवं.

मग तिनं पिशवीची गाठ सोडून बाटली माझ्या हातात दिली. "तूच जा. तुला कशाचं भ्या? तुपल्यासाठी दगडच हाये तो."

मी गेलो. तेल ओतलं. हात बरबटला तो पँटला पुसता येईना, म्हणून तसाच खाली आलो.

"डोक्यावर घातलं ना? का पायाशी?"

त्या शिळेचं डोकं कोणतं आणि पाय कोणते, ते मला कळलंच नव्हतं. डोक्यावर, म्हणून सांगितलं.

"बरं," म्हणाली आणि पदरानं माझा हात पुसला.