त्रेपन्न महिने

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या पोटात माँटेरे नावाची एक प्रचंड दरी आहे. २००७च्या मे महिन्यात तिथल्या माँटेरे बे अ‍ॅक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी कॅमेरा लावलेली, माणूस नसलेली पाणबुडी या दरीत सोडली. सुमारे १,४०० मीटर खोलीवर एका खडकाला चिकटून एक ऑक्टोपस मादी बसलेली दिसली. ३८ दिवसांपूर्वी याच खडकाकडे सरकताना ती दिसली होती, तेव्हा अंडी नव्हती. आता होती. अंगावरच्या जुन्या व्रणांवरून ती तीच आहे हे ओळखता आलं.

संशोधक परत गेले, ती तिथेच. पुन्हा गेले, तरी तिथेच. साडेचार वर्षांत १८ वेळा ते तिला बघून आले. प्रत्येक वेळी ती त्याच जागी, अंड्यांवर आठही हात पसरून बसलेली. एकदाही ती काही खाताना दिसली नाही. पाणबुडीच्या यांत्रिक हाताने खेकड्याचे तुकडे समोर धरले, तिने घेतले नाहीत. वर्षागणिक तिचा रंग फिका पडत गेला, धड आक्रसलं, डोळे धुरकट झाले. सप्टेंबर २०११मध्ये ती शेवटची दिसली. ऑक्टोबरमध्ये खडकावर फक्त अंड्यांची रिकामी, फाटकी टरफलं होती. पिल्लं निघून गेली होती, आणि तीही.

५३ महिने. प्राणिजगतात अंडी राखण्याचा यापेक्षा मोठा काळ तोवर कुणी नोंदवला नव्हता. ब्रूस रॉबिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४मध्ये हे प्रसिद्ध केलं. माझ्यापर्यंत ते पोचलं मावशीच्या व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमधून. मागे सूर्यास्त, पुढे हात जोडलेले इमोजी आणि खाली ओळ: 'आई ती आईच, मग ती कुणाचीही असो.'

मी २८ वर्षांची आहे. लग्नाला दोन वर्षं झालीत. पुण्यात एका कंपनीत बॅकएंडचं काम करते. या तीन वाक्यांनंतर घरातलं कुणीही पुढचा प्रश्न कोणता विचारेल हे तुम्हाला माहीत आहे. मावशीने तो फॉरवर्ड फॅमिली ग्रुपवर टाकला नव्हता, फक्त मला पाठवला होता.

मला ऑक्टोपस आवडतो, पण वेगळ्या कारणांनी. आमच्याकडे कोकणात म्हाकूल खातात, हा तिचाच चुलतभाऊ. त्याला तीन हृदयं असतात आणि रक्त निळसर, कारण त्यात लोहाऐवजी तांब्यावर चालणारं द्रव्य प्राणवायू वाहून नेतं. सुमारे ५० कोटी मज्जापेशी असतात आणि त्यातल्या दोन तृतीयांश मेंदूत नसून हातांमध्ये असतात. म्हणजे प्रत्येक हात स्वतःचे बरेचसे निर्णय स्वतः घेतो, मुख्य सर्व्हरला विचारत बसत नाही. त्याहून भारी म्हणजे हा प्राणी आपल्या आरएनएमध्ये प्रचंड प्रमाणात फेरफार करतो. डीएनए हा मूळ सोर्स कोड मानला, तर तो कोड तसाच ठेवून चालू सिस्टिमला पॅच मारल्यासारखं. पाणी थंड झालं की एका दिवसाच्या आत मज्जासंस्थेतल्या कितीतरी प्रथिनांची घडण बदलायला लागते. आमच्या टीमला एवढं जमलं असतं तर शुक्रवारी संध्याकाळी कुणी ऑफिसात अडकलं नसतं.

इतका हुशार, इतका लवचीक प्राणी. मग अंडी घातल्यावर तो खाणं का सोडतो?

या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते फॉरवर्डमध्ये बसण्यासारखं नाही. ब्रँडाइस विद्यापीठाच्या जेरोम वोडिन्स्की यांनी १९७७मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ऑक्टोपसच्या मेंदूला डोळ्यांशी जोडणाऱ्या देठांवर दोन छोट्या ग्रंथी असतात. अंड्यांवर बसलेल्या माद्यांच्या या ग्रंथी त्यांनी काढून टाकल्या. त्या माद्यांनी अंडी राखणं थांबवलं. त्या पुन्हा खायला लागल्या, त्यांचं वजन वाढलं, आणि त्या कितीतरी जास्त जगल्या.

पुढे २०२२मध्ये शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत या ग्रंथींच्या रसायनाचा माग काढला. पिल्लांची वेळ आली की ग्रंथींमधली कोलेस्टेरॉलशी संबंधित रसायनं बदलतात. त्यातलं एक माणसात प्रमाणाबाहेर वाढलं तर गंभीर जनुकीय आजारात दिसतं, आणि त्या आजारात मुलं स्वतःला इजा करून घेतात. टाकीत ठेवलेल्या ऑक्टोपस माद्याही शेवटच्या दिवसांत स्वतःची कातडी ओरबाडतात, कधी स्वतःच्या हातांची टोकं खातात. आणि हो, समागमानंतर नरही असाच खंगून मरतो. त्याच्यावर फॉरवर्ड मला अजून आलेला नाही.

हे वाचल्यावर पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे तो त्याग नव्हताच. टायमर लावला होता, तो वाजला. मावशीला हे सगळं लिहून पाठवावं असं वाटलं. वोडिन्स्कींच्या त्या माद्या मनात घर करून राहिल्या, अंडी सोडून पोटभर खाणाऱ्या. फॉरवर्डच्या हिशेबात त्या वाईट आया. पण त्या काही वाईट झाल्या नव्हत्या. त्यांच्या शरीरातला एक हुकूम फक्त बंद झाला होता.

पण मग दुसरीकडून खटकायला लागलं. सगळंच रसायन आहे म्हटलं की विषय संपतो, आणि मला तो संपवायचा नव्हता. कारण मला खरा प्रश्न ऑक्टोपसबद्दल नव्हता.

माझी आई तालुक्याच्या गावी एका शाळेत गणित शिकवायची. मी झाले आणि तिची नोकरी गेली. घरात याची गोष्ट नेहमी एकाच पद्धतीने सांगितली जाते: मुलीसाठी सोडली हो तिने. बाबा सांगतात, मावशी सांगते, लग्नात तर माझ्या सासूबाईंनाही सांगून झालं. हे ऐकताना आई पानावर काहीतरी वाढत असते आणि काही बोलत नाही. लहानपणापासून मी ते वाक्य उधारीसारखं अंगावर वागवते.

या दिवाळीला मी तिला सरळ विचारलं, "आई, तू माझ्यासाठी नोकरी सोडलीस ना?"

ती चकल्या डब्यात भरत होती. म्हणाली, "सोडली कुठे गं, सुटली. शाळा सकाळी सातची. गावात पाळणाघर नाही. तुझी आजी कंबरेने अंथरुणाला खिळलेली. बाबांची फिरतीची नोकरी. कसंही मांड, उत्तर तेच यायचं."

"मग सगळे म्हणतात ते?"

"म्हणू दे. तसं म्हटलं की कुणाला काही करावं लागत नाही."

डब्याचं झाकण लावून ती दुसऱ्या कामाला लागली. मी मात्र तिथेच उभी राहिले. अठ्ठावीस वर्षांची उधारी, आणि सावकार म्हणतो कर्ज दिलंच नव्हतं.

त्या मादीची गोष्ट मी त्यानंतर पुन्हा वाचली, तेव्हा आधी नजरेतून सुटलेला एक आकडा दिसला. तिच्या भोवतालच्या पाण्याचं तापमान सुमारे ३ अंश सेल्सिअस होतं. बर्फाच्या जवळपास. एवढ्या थंडीत अंड्यातला जीव अत्यंत हळू वाढतो, म्हणून पिल्लं बाहेर यायला इतकी वर्षं लागली. आईच्या शरीराचा कारभारही त्याच थंडीने मंदावला होता, म्हणून ती इतकी टिकली असणार. ५३ हा आकडा तिच्या प्रेमाचं माप नव्हता. तो त्या पाण्याच्या थंडपणाचं माप होता.

आणि याचा जणू पुरावाच त्याच किनाऱ्याजवळ सापडला. २०१८मध्ये डेव्हिडसन नावाच्या समुद्राखालच्या डोंगराच्या पायथ्याशी, सुमारे ३,२०० मीटर खोलीवर, संशोधकांना ऑक्टोपस माद्यांची एक वसाहतच दिसली. एकीला लागून एक, हजारोंनी. तिथलं पाणी तर २ अंशांहूनही थंड आहे. त्या हिशेबाने अंडी उबायला पाच ते आठ वर्षं किंवा त्याहून जास्त लागायला हवीत. प्रत्यक्षात दोन वर्षांच्या आत पिल्लं बाहेर पडतात. कारण त्या खडकांच्या भेगांतून कोमट पाणी झिरपतं, काही ठिकाणी ११ अंशांच्या आसपास. माद्या नेमक्या त्या भेगांवर जाऊन बसतात. दिवस कमी, म्हणून अंडी कुणी खाऊन टाकण्याचा धोकाही कमी. २०२३मध्ये हे सगळं प्रसिद्ध झालं. या जागेला ऑक्टोपस गार्डन म्हणतात.

तिथल्याही माद्या शेवटी मरतातच. ग्रंथीचा हुकूम तिथेही चुकत नाही. निसर्गाकडून मी याहून गोड शेवट ओढून आणणार नाही. पण ग्रंथी आपल्या हातात नाही आणि पाणी असतं, हा फरक माणसांच्या बाबतीत खूप मोठा आहे.

आमच्या टीममधली एक सीनियर बाळंतपणाच्या रजेवरून परत आली, तेव्हा दूध काढायला तिला जागा नव्हती. ती एक छोटी मीटिंग रूम बुक करायची, काचेला आतून ओढणी लावायची, आणि बरोबर वीस मिनिटांनी पुढचं बुकिंग असलेले लोक दार वाजवायचे. महिला दिनाला तिच्याच फोटोचं पोस्टर लिफ्टजवळ लागलं होतं: सुपरमॉम. चार महिन्यांत तिने राजीनामा दिला. निरोपाच्या केकवर सगळे म्हणाले, बाळासाठी सोडतेय. मीही टाळ्या वाजवणाऱ्यांत होते, पण आईचं 'सुटली' मला तेव्हा माहीत नव्हतं.

मूल हवं की नको, हे मी आणि नवरा अजून ठरवतोय. कधी हवंसं वाटतं, कधी भीती वाटते, आणि दोन्ही खरं आहे. पण आता हा प्रश्न आला की माझ्याकडे उलट प्रश्नांची यादी असते. पाळणाघर किती वाजता उघडतं? रात्रीचा रिलीज असेल तेव्हा घरी कोण? नवऱ्याच्या कंपनीत बापाला रजा किती दिवस? सासूबाईंना पहिल्यांदा ही यादी वाचून दाखवली तेव्हा त्या हसल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "आम्हाला असं विचारायचं असतं हेच कुणी सांगितलं नव्हतं."

मावशीच्या मेसेजला मी शेवटी उत्तर दिलं. ग्रंथीबिंथी काही लिहिलं नाही. ऑक्टोपस गार्डनचा व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं: मावशी, या बघ, कोमट पाण्यात बसल्यात.

तिने अंगठा पाठवला. मग विचारलं, "म्हणजे?"

मी तिला फोन लावला.