बोथट टोकाची सुई

सुई म्हणजे टोचणार, हे आपल्या हाताला लहानपणापासून ठाऊक असतं. त्यामुळे क्रॉस स्टिचला बोथट सुई लागते असं सांगितलं की नव्यानं शिकणारीचा चेहरा पडतो. पण मॅटीचं कापड हातात घेऊन उजेडासमोर धरा. विणतानाच त्यात भोकं ठेवलेली असतात. सुईनं नवी वाट पाडायची नसते, आहे त्या वाटेनं जायचं असतं. भरगच्च नक्षीत तर एकाच भोकात शेजारच्या चार फुल्यांचे पाय येऊन टेकतात. खालून वर येणारी टोकदार सुई तिथं आधीच्या दोऱ्याच्या पोटात शिरते, पदर चिरते, आणि त्या फुलीवर कायमची लव उभी राहते. बोथट सुई गर्दीतल्या शहाण्या बाईसारखी कोपरानं जागा करून पुढं निघून जाते.

या सुयांना टॅपेस्ट्री सुई म्हणतात. आकडा वाढेल तशी सुई बारीक होत जाते. इंचाला 14 घरांच्या कापडाला 24 नंबर, 18 घरांना 26, आणि तागाच्या बारीक कापडावर एकेका धाग्यावर फुली घालायची तर 28. मला मात्र आकड्यापेक्षा हाताची परीक्षा खात्रीची वाटते. सुई भोकात सोडून द्यावी. सुळकन खाली पडली तर ती फार बारीक. नेढ्यापाशी ओढ घ्यावी लागली आणि भोक रुंदावलं तर फार जाड. क्षणभर अडून मग जाणारी सुई आपली.

नेढ्याचंही एक तंत्र आहे. पोलादी तारेवर ठसा दाबून नेढं पाडतात, त्यामुळे पुष्कळदा त्याची एक कड गुळगुळीत उतरते आणि दुसरी किंचित खरबरीत. भिंगाखाली हा फरक दिसतो, आणि भिंग नसलं तरी दोऱ्याला तो कळतो. दोन पदरी दोरा ओवताना एक पदर सारखा मागं राहत असेल, तर सुई बोटांत फिरवून पलीकडून ओवा. बहुतेक वेळा तो मुकाट्यानं जातो. सुयांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधल्या रेडिच गावात पूर्वी एकाच तारेला दोन्ही टोकं काढत, मधोमध दोन नेढी पाडत आणि मग तार मोडून तिच्या दोन सुया करत. तिथली टोकं काढणारी माणसं कोरड्या सहाणेवर तारा धरत. दगड-पोलादाची धूळ छातीत जाऊन त्यांतली कित्येक तरुणपणीच गेली. पैशाला किती सुया असा भाव करताना मला ही माणसं आठवतात.

आता सुयांचे खास प्रकारही पुष्कळ निघाले आहेत, आणि ते वापरून बघण्यात मला खरा आनंद आहे. सोन्याचा मुलामा दिलेली सुई मला चैन वाटायची, पण कोकणातल्या पावसाळ्यात तिनं स्वतःला सिद्ध केलं. दमट हवेत, घामट बोटांत साध्या सुईचा निकेलचा थर काळवंडतो, आणि ती कापडात टोचून ठेवली तर गंजाचा डाग पाडते. सोनेरी सुई बराच काळ स्वच्छ सरकत राहते. ज्यांना निकेलनं खाज सुटते त्यांनी तर तीच घ्यावी. मुलामा पुढं झिजतो, हे मात्र धरून चालावं.

टोकाला बारीक मणी असलेली सुई सगळ्यांत लाडकी. रिंगेच्या खालून, न बघता, भोक शोधायचं असतं तेव्हा तो मणी कापडावरून घसरत जातो आणि भोकाच्या तोंडाशी आपोआप बसतो. बोटाला ते अगदी स्पष्ट जाणवतं. दोन्हीकडे टोक आणि मध्ये नेढं असलेली सुई स्टँडवरच्या चौकटीला उत्तम. एक हात वर, एक खाली, सुई उलटी करायचं काम नाही. मांडीवर रिंग घेऊन भरणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. आखूड ‘पेटीट’ सुया लहान हातांना बऱ्या. आणि चाळिशी लागलेल्यांसाठी पोनी कंपनीची काळी सुई, जिचं नेढं पांढरं असतं. संध्याकाळच्या उजेडात तेवढा पांढरा ठिपका पुरतो.

माझ्या मनात सध्या कसुतीचं भरतकाम घोळतं आहे. त्यातला मेंथी टाका म्हणजे फुलीच, आणि इरकल साड्यांवर तो पिढ्यान्‌पिढ्या दिसत आला आहे. पण साडीच्या पोताला मॅटीसारखी घरं नसतात. नक्षी न छापता, धागे मोजून टाका घालायचा. 28 नंबरची बोथट सुई त्या घट्ट विणीत शिरेल का, याची मला शंका आहे. जुन्या इरकलीचा तुकडा रिंगेत ताणून ठेवलाय. सुई अडली तर टोकाची बारीक सुई घेईन, पण आधी बोथटच लावून बघणार.